डिकीत पाणी साचणे : गळती शोधण्याबद्दल आणि दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटारीच्या डिकीत पाणी शिरण्याबद्दल वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेकांना एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे कोणते सीलंट लावावे हे. त्याचे उत्तर प्रश्न १२ मध्ये आहे. मात्र पाण्याचा थेंब नेमका कोठून आत येतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सीलंटची नळी उघडू नये, अशी कळकळीची विनंती आहे. अंदाजाने लावलेले सीलंट गळती थांबवत नाही, आणि पुढे खरी जागा शोधणाऱ्याचे काम दुप्पट अवघड करून ठेवते.

१. डिकीत पाणी शिरते आहे, हे सुरुवातीलाच कसे ओळखावे?

बहुतेक वेळा आधी वास येतो आणि पाणी नंतर दिसते. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी कुबट वास येणे, मागची काच आतून धुरकट होणे, वळणावर किंवा ब्रेक लावल्यावर मागून पाणी हिंदकळल्याचा आवाज येणे, जॅक आणि पाना गंजणे, या सगळ्या खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात. वरचा गालिचा हाताला कोरडा लागला म्हणून निर्धास्त राहू नये. स्टेपनीचा खड्डा हा गाडीच्या मागच्या भागातला सर्वांत खोल भाग असतो आणि बाजूच्या पत्र्यावरून उतरलेले पाणी गालिच्याला न शिवता थेट तेथे जाऊन साचते. म्हणून गालिचा आणि त्याखालचा पुठ्ठा उचलून, स्टेपनी बाहेर काढून, खड्ड्याच्या तळाशी हात फिरवावा.

उन्हाळ्यातही एक खूण मिळते. कच्च्या रस्त्यावरून बरीच धावलेली गाडी घ्यावी आणि डिकीच्या कडेच्या रबराच्या आतल्या बाजूचा पत्रा पाहावा. तेथे बारीक धुळीची रेघ उमटलेली असेल, तर ज्या फटीतून मे महिन्यात धूळ आली त्याच फटीतून जूनमध्ये पाणी येण्याची दाट शक्यता असते.

२. पाणी सापडले. आता सगळ्यात आधी काय करू?

सामान, स्टेपनी आणि हत्यारे बाहेर काढा, आणि पाणी स्पंजने टिपून घेण्यापूर्वी त्याचा एक फोटो काढून ठेवा. पाणी किती आहे, ते कोणत्या बाजूला जास्त आहे, स्वच्छ आहे की गढूळ, त्यात पाने किंवा फेस आहे का, या नोंदी पुढे फार उपयोगी पडतात. गढूळ पाणी बहुधा खालून, म्हणजे चाकांनी उडवलेले असते. स्वच्छ पाणी वरून आलेले असते. निळसर किंवा साबणाचा वास येणारे पाणी असेल तर प्रश्न ९ पाहा. खड्ड्यात किंवा बाजूच्या कप्प्यात वायरिंग अथवा बॅटरी असेल, तर पुढे जाण्यापूर्वी प्रश्न १६ वाचा.

३. डिकीत पाणी शिरण्याच्या नेहमीच्या जागा कोणत्या?

डिकीच्या तोंडाभोवतीचे रबर, मागच्या दिव्यांच्या गॅस्केट (दिवा आणि पत्रा यांच्यामधला फोमचा थर), बंपरच्या आड लपलेल्या हवेच्या झडपा, मागची काच, वरचा तिसरा ब्रेक दिवा, छताच्या पन्हळीतील सांधा, अँटेनाचा पाया, नंबरप्लेटच्या दिव्याची वायर जेथून आत येते ते रबरी बूच, आणि सनरूफ असल्यास त्याच्या नळ्या. हॅचबॅकमध्ये मागच्या वायपरचा दांडा आणि दाराचे बिजागर यांची भर पडते. सेडानमध्ये डिकीभोवती जी पन्हळ असते तिच्यात गुलमोहराची किंवा चिंचेची बारीक पाने साचली की पाणी तुंबते आणि चांगल्या रबरावरूनही आत उतरते. त्यामुळे झाडाखाली उभ्या राहणाऱ्या सेडानची पन्हळ आधी साफ करावी आणि मगच इतरत्र शोध घ्यावा.

४. घरच्या घरी गळतीची नेमकी जागा कशी शोधावी?

या कामाला एक मोकळी दुपार, बागेचा पाइप, विजेरी आणि एक मदतनीस लागतो. घाई केली तर उत्तर चुकते.

प्रथम डिकीच्या आतले गालिचे आणि बाजूचे प्लॅस्टिकचे किंवा पुठ्ठ्याचे आवरण काढून पत्रा उघडा करावा आणि तो पूर्ण पुसून कोरडा करावा. कोरड्या पत्र्यावर टाल्कम पावडरचा पातळ थर द्यावा. त्यावरून थेंब गेला की त्याची वाट स्पष्ट उमटते. मग मदतनिसाने बाहेरून पाणी सोडावे. धार मंद असावी, पावसासारखी. प्रेशर वॉशर वापरू नये, कारण त्याचा जोर चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो आणि नसलेली गळती दाखवतो. सुरुवात खालून करावी: आधी बंपरची पातळी, मग दिवे, मग डिकीच्या कडेची पन्हळ, मग काच आणि शेवटी छत. प्रत्येक जागी किमान पाच मिनिटे पाणी सोडावे. उलट क्रमाने, म्हणजे छतावरून सुरुवात केली, तर पाणी एकाच वेळी सगळ्या जागांवरून ओघळते आणि कोणती जागा दोषी आहे हे कळत नाही.

आतल्या माणसाने मागचे आसन पाडून केबिनमधून विजेरीने पाहावे. आसन पडत नसेल तर तळाशी वर्तमानपत्रे पसरून प्रत्येक टप्प्यानंतर डिकी उघडून कोणता कागद ओला झाला ते तपासावे. कोणालाही, विशेषतः मुलांना, डिकीत बसवून झाकण बंद करू नये.

माझ्या स्वतःच्या गाडीत उजव्या बाजूला पाणी साचत असे. दुरुस्ती केंद्रात रबर बदलून दिले, तरी पुढच्या पावसात खड्डा पुन्हा भरला. शेवटी मी आसन पाडून आत आडवा झालो आणि धाकट्या भावाने बाहेरून पाणी सोडले. बराच वेळ काहीच दिसले नाही. मग उजव्या दिव्यामागच्या वायरच्या जुडग्यावर, तिच्या सर्वांत खालच्या वळणावर, एक थेंब लोंबकळताना दिसला. तो फुगला, सुटला आणि आवाज न करता पत्र्यावरून खड्ड्याकडे घरंगळला. गळती दिव्याच्या गॅस्केटमध्ये होती, आणि पाणी वायरच्या आधाराने वीतभर प्रवास करून भलत्याच ठिकाणी पडत होते. पाणी जेथे साचते त्याच्या सरळ वर गळती असते, असे मानू नये, ते यासाठी.

५. पाण्याशिवाय गळती शोधता येते का?

येते. सगळ्या काचा आणि दारे बंद करून, बाहेरची हवा आत घेण्याचा पर्याय निवडून पंखा पूर्ण वेगाने लावावा. केबिनमध्ये थोडा दाब तयार होतो. मग बाहेरून सांध्यांवर, दिव्यांच्या कडांवर आणि काचेच्या कडेला साबणाचे पाणी फवारावे. फट असेल तेथे बुडबुडे येतात. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून पाहतो, तेच हे तंत्र आहे. बंपरमागच्या झडपांतून हवा बाहेर येणे मात्र स्वाभाविक आहे (प्रश्न ८), तो दोष समजू नये. ही चाचणी काच आणि पत्र्याचे सांधे यांसाठी उत्तम आहे; तुंबलेल्या नळ्या तिने सापडत नाहीत.

६. डिकीचे रबर बदलायला झाले आहे, हे कसे कळते?

कागदाची लांब पट्टी रबरावर ठेवून डिकी बंद करावी आणि पट्टी ओढावी. ती अडखळत, घट्ट सरकली तर तेथे दाब ठीक आहे. सहज निघून आली तर तेथे फट आहे. ही तपासणी दर वीतभर अंतरावर करावी, विशेषतः कोपऱ्यांत आणि रबराची दोन टोके जेथे जुळतात तेथे. दुसरा मार्ग म्हणजे रबराच्या माथ्यावर खडू फासून डिकी एकदा बंद करून उघडणे. झाकणावर खडूची रेघ जेथे तुटलेली दिसेल, तेथे रबर टेकत नाही.

रबर टेकत नाही याचा अर्थ ते खराबच आहे असे नाही. जड पेट्या आतबाहेर करताना रबर ज्या पत्र्याच्या कडेवर बसते ती कड वाकते. ती पक्कडीने सरळ केली की काम होते. कधी झाकणच नीट बसत नसते. झाकणाच्या दोन्ही बाजूंना स्क्रूसारखे फिरणारे रबरी टेकू असतात, ते थोडे आत घेतले किंवा लॉकची कडी किंचित खाली सरकवली की झाकण रबरावर अधिक दाबले जाते. नवे रबर खरोखरच लागले तर ते खालच्या मधल्या भागापासून बसवायला घ्यावे, कोपऱ्यांत ताणू नये, तळहाताने ठोकत पुढे जावे. ताणून बसवलेले रबर काही दिवसांत आकसते आणि जोडाशी फट पडते.

रबर मऊ राहावे म्हणून त्याला ग्रीस, डिझेल किंवा इंजिन ऑइल लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती चुकीची आहे. ही रबरे सहसा ज्या प्रकारची असतात ती खनिज तेलाने फुगतात आणि ढिली पडतात. सिलिकॉन ग्रीस किंवा ग्लिसरीन चालते.

७. मागच्या दिव्यातून पाणी येत असेल तर पूर्ण दिवा बदलावा लागतो का?

क्वचितच. दिवा आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची गॅस्केट असते. वर्षानुवर्षे दाबली गेल्याने ती चपटी होते. आतून नट सोडवून दिवा बाहेर काढावा, जुना फोम खरवडावा, पत्रा स्वच्छ पुसावा आणि नवी गॅस्केट बसवावी. ती मिळत नसेल तर ब्युटाइल टेप त्याच आकारात लावावी. ती चिकट आणि मऊ राहते आणि पुढे बल्ब बदलताना सोडवता येते. नट हाताने घट्ट झाल्यावर पान्याने जेमतेम पाव फेरा द्यावा. अधिक आवळल्यास प्लॅस्टिकला तडा जातो, आणि मग मात्र दिवा बदलावाच लागतो. दिव्याच्या आत पाण्याचे थेंब दिसणे ही वेगळी तक्रार आहे. त्याचा डिकीतल्या पाण्याशी संबंध असेलच असे नाही.

८. बंपरच्या मागे हवेच्या झडपा असतात म्हणे. त्या कशासाठी, आणि त्या बंद करून टाकू का?

बंद करू नयेत. दार आपटल्यावर आतली हवा बाहेर जावी आणि पंख्याने आत आलेली हवा खेळती राहावी, यासाठी मागच्या कोपऱ्यांत, बंपरच्या आड, पातळ रबरी पडद्यांच्या जाळ्या बसवलेल्या असतात. पडदे आतून बाहेर उघडतात, म्हणून एरवी पाणी आत येत नाही. जाळीभोवतीचा फोम कुजला, किंवा चिखलामुळे पडदा अर्धवट उघडा राहिला, की चाकांनी उडवलेले पाणी आत येते. बंपर उतरवून जाळी काढावी, धुवावी, आणि नव्या फोमवर किंवा ब्युटाइल टेपवर पुन्हा बसवावी. टेप लावून झडप कायमची बंद केल्यास दारे जड लागतात आणि पावसात काचा सतत धुरकटतात. गढूळ पाणी आणि फक्त गाडी चालल्यावरच गळती, ही जोडी दिसली तर मी आधी येथेच पाहतो.

९. पाऊस नाही, गाडी धुतलीही नाही, तरी डिकी ओली. असे कसे?

हॅचबॅकच्या मागच्या काचेवर पाणी उडवणारी बारीक नळी छतातून येऊन दाराच्या रबरी नळकांड्यातून पुढे जाते. दार हजारो वेळा उघडल्यावर ती तेथे निसटते किंवा चिरते, आणि बटण दाबले की पाणी काचेवर न जाता आत उतरते. पाण्याला साबणाचा वास किंवा रंग असतो आणि पुढच्या टाकीतले पाणी लवकर संपते. नळी कापून जोडणी बसवली की काम संपते. मागे वेगळा एसी असलेल्या सात आसनी गाड्यांत मागच्या एसीची निचरा नळी तुंबूनही पाणी येते. पत्र्यावर नुसता दमटपणा असेल, पाणी साचत नसेल, तर ओल्या छत्र्या आणि बूट यांचाही विचार करावा.

१०. गळती फक्त उतारावर गाडी लावल्यावर होते, सपाटीवर नाही. याचा अर्थ काय?

पाणी जेथून एरवी वाहून जाते ती वाट उतारामुळे बदलते. गाडीचे नाक वर असेल तर छतावरचे आणि पन्हळीतले सगळे पाणी मागे येते. अशा वेळी मागची काच, वरचा ब्रेक दिवा आणि सनरूफच्या मागच्या नळ्या संशयित ठरतात. गाडी नेहमी जशी उभी असते त्याच उतारावर उभी करून प्रश्न ४ मधली चाचणी करावी. सोसायटीच्या सपाट पार्किंगमध्ये ती गळती दिवसभर पाणी सोडूनही दिसणार नाही.

११. सनरूफमुळे डिकीत पाणी येऊ शकते का?

नक्कीच. सनरूफच्या काचेभोवतीचे रबर सगळे पाणी अडवण्यासाठी नसतेच. थोडे पाणी खालच्या तबकात उतरते आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांनी बाहेर जाते. मागच्या नळ्या मागच्या खांबांतून खाली येतात. त्या तुंबल्या किंवा जोडातून निसटल्या की पाणी डिकीच्या बाजूला उतरते. सनरूफ उघडून तबकाच्या कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओतावे आणि ते गाडीखाली पडते का, ते पाहावे. नळी साफ करण्यासाठी गवत कापण्याच्या यंत्राचा नायलॉनचा दोरा हळूच आत सरकवावा. कॉम्प्रेसरची हवा मारू नये; तिच्या जोराने नळी आतल्या आत जोडातून सुटते आणि मग छताचे अस्तर उतरवावे लागते.

१२. कोणते सीलंट वापरावे? घरातले सिलिकॉन चालेल का?

स्नानगृहात वापरतात ते व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन गाडीच्या पत्र्याला लावू नये. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल निघते आणि उघडा पत्रा गंजतो. शिवाय सिलिकॉनवर रंग धरत नाही. पत्र्याच्या सांध्यांसाठी डेंटिंग-पेंटिंगवाले वापरतात ते पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन सीलंट घ्यावे. जागा पूर्ण कोरडी आणि तेलविरहित हवी, जुने भेगाळलेले सीलंट खरवडलेले हवे, आणि शक्यतो पाणी ज्या बाजूने येते त्या बाहेरच्या बाजूने ते लावावे. आतून लावलेले सीलंट पाणी डिकीत येऊ देत नाही, पण सांध्याच्या पोटात अडवून ठेवते, आणि पत्रा तेथे नजरेआड कुजत जातो.

१३. मागची काच गळत असेल तर कडेने सीलंट भरून चालेल का?

हंगाम संपेपर्यंत तात्पुरते चालेल, कायमचे नाही. चिकटवलेली काच गळते तेव्हा बहुधा तिच्याखाली गंज धरलेला असतो किंवा पूर्वी काच बदलताना प्रायमर नीट लावलेला नसतो. काच उतरवून, कड साफ करून, पुन्हा पीयूने चिकटवणे हे अनुभवी काचवाल्याचे काम आहे.

१४. मागून धडक बसल्यानंतर दुरुस्ती केली, तेव्हापासून पाणी येते. दोष कोणाचा?

धडकेनंतर पत्रा ठोकून सरळ केला तरी जुन्या सांध्यांतले सीलंट तडकलेले असते, आणि नवा पत्रा जोडल्यावर सीलंट लावायचे राहून जाते. प्रश्न ५ मधली साबणाची चाचणी करून बुडबुड्यांचा फोटो घ्या आणि ज्या ठिकाणी दुरुस्ती झाली तेथे बिलासह दाखवा. ‘पाणी येते’ एवढ्या तक्रारीला उडवाउडवीचे उत्तर मिळते. ‘डाव्या दिव्याखालच्या सांध्यातून येते’ असे दाखवल्यावर काम नाकारणे अवघड जाते. आणखी एक गोष्ट गांभीर्याने सांगायची आहे: मागच्या भागातल्या फटीतून पाण्याप्रमाणे सायलेन्सरचा धूरही आत येऊ शकतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. म्हणून ही दुरुस्ती पुढच्या पावसाळ्यावर ढकलू नये.

१५. डिकीत सीएनजी सिलिंडर आहे. गळती कशी शोधू?

सिलिंडर, त्याचे पट्टे किंवा पाइप स्वतः सोडवू नयेत. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये स्टँडचे बोल्ट तळाच्या पत्र्याला भोके पाडून घातलेले असतात, आणि त्या भोकांभोवती सीलंट नसेल तर खालून पाणी येते. गाडीखालून त्या जागा पाहता येतात. सिलिंडरची हायड्रो चाचणी, म्हणजे पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी, दर ३ वर्षांनी करावी लागते. त्या वेळी सिलिंडर उतरतोच, तेव्हा खालचा पत्रा पाहून घ्या, गंज काढून घ्या आणि बोल्टच्या भोकांना पीयू लावून घ्या. ही संधी बहुतेक जण सोडतात आणि मग आणखी ३ वर्षे त्या पत्र्याचे तोंड दिसत नाही.

१६. डिकीत वायरिंग किंवा बॅटरी आहे. धोका कितपत?

काही गाड्यांची बॅटरी डिकीत असते. अनेक गाड्यांत पार्किंग सेन्सरचे मॉड्यूल आणि वायरची जुडगी बाजूच्या कप्प्यात असतात. ओल्या जोडण्यांवर हिरवट क्षार जमतो आणि दिवे मध्येच बंद पडणे, बॅटरी रात्रीत उतरणे असे प्रकार सुरू होतात. बॅटरीची ऋण तार सोडवून मगच काम करावे. विजेवर चालणाऱ्या किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसल्या तर त्यांना अजिबात हात लावू नये आणि गाडी अधिकृत केंद्रात न्यावी.

१७. स्टेपनीच्या खड्ड्याला भोक पाडून पाणी काढून टाकले तर?

बहुतेक खड्ड्यांच्या तळाशी कारखान्यातूनच रबरी बूच असते. साचलेले पाणी काढण्यासाठी ते काढावे आणि पुन्हा बसवावे. नवे भोक पाडल्यास त्याच्या कडा गंजतात, आणि पाणी भरलेल्या रस्त्यावर त्याच भोकातून पाणी वर येते. गळती मात्र होती तिथेच राहते.

१८. वास आणि ओल कशी घालवावी? गंजाचे काय करावे?

गालिच्याखालचा जाड नमदा पाणी धरून ठेवतो. तो गाडीत सुकत नाही. बाहेर काढून, पिळून, दोन-तीन दिवस कडक उन्हात उभा टांगावा. पावसाळ्यात ऊन नसेल तर घरात पंख्याखाली ठेवावा आणि तोवर डिकी गालिच्याविना वापरावी. बुरशी धरली असेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसावे. सुगंधी डबी ठेवून वास झाकू नये. वास परत आला तर गळती परत आली, ही सूचना आपल्याला हवी असते. गंज वरवरचा असेल तर सँडपेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, प्रायमर आणि रंग द्यावा. पत्र्यात पेचकस टोचून आत जात असेल, तर वेल्डिंगशिवाय पर्याय नाही.

१९. विमा कंपनी खर्च देते का?

रबर जुने होणे, सीलंट भेगाळणे ही झीज आहे आणि मोटार विम्यात झीज वगळलेली असते. अपघातातून उद्भवलेली गळती त्या अपघाताच्या दाव्यात धरता येते, म्हणून धडकेनंतर गाडी दुरुस्तीला देतानाच मागच्या भागाची पाणी-चाचणी लेखी मागून घ्यावी.

२०. जुनी गाडी घेताना डिकीतले पाणी साधी गळती आहे की पुराचे, हे कसे ओळखावे?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले तेव्हा, असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून पुन्हा विकायला येतात. गळतीचे पाणी एका बाजूने उतरते आणि त्याचा ओघळ तिरका असतो. पुराचे पाणी सगळीकडे एकाच पातळीची रेघ सोडते, आणि त्याचा बारीक गाळ स्टेपनीच्या खड्ड्यातल्या पॅडखाली, स्क्रूच्या भोकांत, जॅकच्या आट्यांत सापडतो. मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्याच्या गुंडाळलेल्या भागावर डाग असेल तर ती गाडी घेऊ नये.

२१. वरचे सगळे केले, तरी पाणी येतेच. आता?

दोन गळत्या एकाच वेळी असणे ही नेहमीची गोष्ट आहे. पहिली बुजवल्यावर दुसरी उघड होते, म्हणून प्रश्न ४ मधली चाचणी पुन्हा संपूर्ण करावी. त्यातही काही सापडले नाही, तर इंधन भरण्याच्या झाकणामागचा कप्पा पाहावा. त्या कप्प्याला खाली निचऱ्याचे बारीक छिद्र असते आणि भोवती रबरी आवरण असते. छिद्र मातीने बुजले आणि आवरण फाटले असेल, तर पाणी बाजूच्या पत्र्याच्या पोकळीत उतरून डिकीत येते. इंधनाचे आतले झाकण घट्ट बंद आहे याची खात्री करून कप्प्यात अर्धी बाटली पाणी हळू ओतावे. ते चाकाजवळ जमिनीवर पडले पाहिजे. नाही पडले, तर टाचणीने छिद्र मोकळे करून पुन्हा ओतावे आणि तेव्हा आतल्या पत्र्यावरची पावडर ओली होते का, ते पाहावे.